सात घरांचा हेवीवेट

"मार की रे! हात वर कर, मेल्या, हात वर कर!"

तापकीर आप्पा खुर्चीवर उभे राहून पडद्याशी भांडत होते. खडकीतल्या आमच्या शाळेचा हॉल, रविवारची दुपार, खिडक्यांवर मांडववाल्याच्या सतरंज्या बांधून केलेला अंधार, आणि आत तीनशे माणसं. पंखे होते, पण नुसते नावाला. पडद्यावर आमचा मुरली खरात आणि समोरचा तो सोनिपतचा गडी एकमेकांच्या गळ्यात पडून उभे होते. लग्न लागल्यावर मुलीचा बाप आणि मामा गळ्यात पडून रडतात ना, डिट्टो तसे.

रेफ्रीने त्यांना सोडवलं. दोघं दोन पावलं मागे सरले, एकेक ठोसा हवेत घातला आणि परत एकमेकांवर रेलले.

"अरे, गादी द्या त्यांना, गादी!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल खदखदून हसला. अर्ध्या तासापूर्वी हीच माणसं शिट्ट्या मारून घसा बसवून घेत होती.

मी पहिल्या रांगेत, सुभेदारांच्या शेजारी. सुभेदार बाबर म्हणजे आमच्या क्लबचे कोच. फौजेतून निवृत्त, बासष्ट वर्षांचे, आवाज मात्र अजून परेडचा. ते पडद्याकडे बघतच नव्हते. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"सर, हा मारत का नाहीये?" मी विचारलं.

"दम कुठाय त्याच्यात? पंधरा किलोचं बिऱ्हाड अंगावर घेऊन चढलाय तो." नजर घड्याळावरच. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "अजून पन्नास सेकंद. पडू नकोस रे बाबा. नुसता उभा राहा."

त्या तीनशे माणसांत मुरलीच्या बाजूचा असा तो एकच माणूस होता. मला धरून सांगतो.

पन्नास सेकंद काही गेले नाहीत. रेफ्रीने दोन्ही हात वर करून लढत थांबवली, टेबलापाशी जाऊन कुणाशी तरी बोलला आणि परत येऊन दोघांनाही बाद केलं. कारण काय, तर दोघंही लढतच नाहीयेत. दुसऱ्या सेमीफायनलमधल्या एकाचा पाय आधीच मुरगळला होता, त्यामुळे राहिला एकच. पंजाबचा एक धिप्पाड माणूस. त्याला स्टेजवर बोलावून चषक दिला. फायनल नाहीच! आठ हेवीवेट, महिनाभराच्या जाहिराती, आणि शेवटी एक माणूस एकटाच उभा राहून कागदाच्या चमक्या अंगावर घेतोय. निवेदिका हसून टाळ्या वाजवत होती. बिचारीला दुसरं काय येणार?

"ह्यासाठी बघायला आलो होतो काय रे?" आप्पा खुर्चीवरून उतरले. "च्यायला, घरी बसून भिंत बघितली असती!"

ह्या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी आज फौजदार आहे. खडकीला गेलो की जुनी मंडळी अजून ती दुपार काढतात आणि मुरलीचा उद्धार करतात. "त्या खादाडाने गावाचं नाक कापलं, साहेब." मी चहा पितो आणि मान हलवतो. पण आज क्रमाने सांगतो, काय झालं ते.

ऑलिंपिकमध्ये आपल्याला बॉक्सिंगचं पदक मिळालं आणि टीव्हीवाल्यांना एकदम बॉक्सिंगचं खूळ लागलं. पदक आलं होतं पंच्याहत्तर किलोत. पण टीव्हीवाल्यांना पंच्याहत्तर किलोची माणसं नको होती. त्यांचं म्हणणं, पडद्यावर माणूस कसा दांडगा दिसायला हवा. म्हणून हेवीवेट, किमान एक्क्याण्णव किलो. आता एक्क्याण्णव किलोची माणसं आपल्या देशात पुष्कळ आहेत, पण ती दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. रिंगणात चढणारी कुठून आणायची? तर चॅनेलची दोन माणसं शोधत शोधत खडकीत आली.

आमचा क्लब म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या जुन्या पंपहाउसमधली एक खोली, चार पोती आणि एक रिंगण. पण नाव होतं. त्या दिवशी चौऱ्याण्णव किलोचा एक व्यायामशाळेतला गडी मुद्दाम बोलावला होता, त्यांना दाखवायला. त्याच्याबरोबर सरावाला उभं राहायला कुणी तयार होईना, म्हणून सुभेदारांनी मुरलीला चढवलं.

मुरली बावीस वर्षांचा, सहा फूट उंच, हाडं मोजून घ्यावीत असा. आईबाप लहानपणीच गेलेले. मामाकडे राहायचा आणि बाजारात टायर-पंक्चरच्या दुकानात काम करायचा. मामाची स्वतःची पाच पोरं, त्यामुळे हा जेवायला बसायचा सगळ्यांच्या शेवटी. पातेल्यात उरेल ते. पण रिंगणात! अहो, पाय असे हलायचे, की समोरच्याला कळायचंच नाही हा कुठे गेला. त्या चौऱ्याण्णव किलोच्या गड्याला त्याने एका मिनिटात खाली बसवलं.

चॅनेलचा माणूस उडालाच. "ह्याचं वजन किती?"

"पंच्याहत्तर," सुभेदार म्हणाले.

"एक्क्याण्णव करून आणा. चार महिने आहेत. आठातली एक जागा ठेवतो."

सुभेदार हसले. त्यांना गंमत वाटली. मुरलीनेही हात जोडले. म्हणाला, "साहेब, मला पोलिसात जायचंय. टीव्ही नको."

हे पोलिसाचं सांगायला हवं. त्या वर्षी पोलिसात खेळाडूंची भरती निघणार होती. राज्य स्पर्धेत सोनं आणेल त्याची नोकरी जवळजवळ पक्की. प्रत्येक वजनात जिल्ह्यातून एकच जण जातो, आणि ती जिल्ह्याची ट्रायल टीव्हीच्या स्पर्धेनंतर सहाव्या दिवशी, शनिवारी होती. पंच्याहत्तर किलोत मुरलीला तोड नव्हती. क्लबात तो एक नंबर. मी दोन नंबर. मीही पंच्याहत्तरचाच. चार वर्षांत मी त्याला एकदाही हरवलं नव्हतं, आणि गडी इतका सरळ की मला मारून झाल्यावर स्वतःच विचारायचा, "दिगू, लागलं का रे जास्त?"

संध्याकाळी क्लबात सगळे जमले. तापकीर आप्पा, पोस्टातले गोडसेकाका, अंड्यांचा गाडा लावणारे इस्माईलचाचा, असे बॉक्सिंगचे वेडे. ह्यातल्या एकानेही आयुष्यात ग्लोव्ह घातला नव्हता, पण लढत बघितल्याशिवाय जेवण जायचं नाही. सगळ्यांचं एकच, खडकीचा माणूस टीव्हीवर दिसला पाहिजे.

"अरे, हवालदार होऊन नाक्यावर उभा राहशील," कुणीतरी म्हणालं. "इथे जिंकलास तर तीन वर्षांचा करार. सगळा देश बघेल तुला. तुझ्या ठोशाला वजनाची काय गरज? ठोसा तोच राहणार."

मुरली खाली बघत होता. "एक्क्याण्णव किलो कसं करायचं? मामाकडे काय खाणार मी?"

"वार लावू की," कुणीतरी म्हणालं. "पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून शिकायचे ना? सोमवारी ह्या घरी, मंगळवारी त्या घरी. तसं आपण सात घरांनी सात दिवस वाटून घ्यायचे. दोन्ही वेळेला पोट फुटेस्तोवर."

काय कल्पना होती! आप्पा तर उठून नाचायचेच बाकी राहिले. डेअरी त्यांची, त्यांनी सोमवार घेतला आणि वर रोज दोन लिटर म्हशीचं दूध. चाचांनी शुक्रवार आणि रोजची दहा अंडी. बुधवार गोडसेकाकांचा. आमच्या घरचा गुरुवार. मग कुणाला दिवसच उरेना, भांडणं व्हायची वेळ आली. मुरली नुसता एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. आपल्याला कुणी असं भांडून जेवायला बोलावलेलं तो पहिल्यांदाच बघत असावा.

सुभेदार शेवटी उठले. "मला हा मूर्खपणा मान्य नाही," ते म्हणाले. "पोट वाढतं, फुप्फुस नाही वाढत. पण पोराला जेवू घालायला माझी ना नाही. रविवार माझा. भाकरी आणि मुगाची उसळ मिळेल, आणि पोटाला तड लागेल इतकं मी वाढणार नाही."

मुरलीने होकार दिला. कुणी नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती.

आणि मग सुरू झालं ते खाणं. मी दर गुरुवारी बघायचो. दुपारी एक वाजता दारात चपला वाजायच्या. गुरुवारी आमच्याकडे अंडं-मटण नसायचं, त्याची भरपाई आई तुपाने करायची. बाजरीच्या सहा भाकरी, चवळीची उसळ, वांगं, पातेलंभर भात. तो एक अक्षर न बोलता जेवायचा, मग स्वतःचं ताट घासून ओट्यावर पालथं घालून जायचा. त्याचं ते ताट ठरून गेलं होतं.

"पहिली भाकरी संपेपर्यंत वर बघत नाही रे हा पोरगा," आई एकदा म्हणाली. "किती वर्षांचं राहिलंय कुणास ठाऊक!"

दोन महिन्यांत तो ब्याऐंशी झाला. तीन महिन्यांत सत्त्याऐंशी. गालावर गाल आले, हनुवटी गेली, पोट सुटलं. खडकीला त्याचा काय आनंद! लोक रस्त्यात थांबवून त्याच्या पोटावर थाप मारायचे. "वाढतंय, वाढतंय!" आप्पांनी डेअरीत धान्याचा मोठा काटा ठेवला होता. दर सोमवारी त्यावर त्याला उभा करायचे आणि आकडा मोठ्याने ओरडायचे. ज्यांचे वार होते ते सगळे कॉलर ताठ करायचे.

सरावात मात्र सगळं उघडं पडत होतं. एके दिवशी सुभेदारांनी मला त्याच्याबरोबर चढवलं. दुसऱ्या फेरीतच तो तोंडाने श्वास घ्यायला लागला. पाय जमिनीला चिकटलेले. चार वर्षांत पहिल्यांदाच माझा उजवा हात त्याच्या तोंडावर बसला. मग परत बसला. मग बसतच राहिला.

"भारी लागला रे," तो नाक पुसत म्हणाला. "सुधारलास तू, दिगू."

मी सुधारलो बिधारलो नव्हतो. सुभेदार दोरीला धरून उभे होते. ते त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुंबईत वजन झालं. अंगावर अठ्ठ्याऐंशीच होतं. मग दोन डझन केळी आणि त्यावर पाणी, पाणी, पाणी. काट्यावर एक्क्याण्णव किलो शंभर ग्रॅम भरलं. त्याने फोन करून सांगितलं आणि खडकी बाजारात पेढे वाटले गेले. कॉर्नरला, म्हणजे दोन फेऱ्यांमध्ये पाणी आणि सल्ला द्यायला, चॅनेलचीच माणसं असणार होती, त्यामुळे आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं. आईने त्याला निघताना स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू दिले होते, तेवढंच काय ते घरचं त्याच्याबरोबर होतं.

रविवारी पहिली लढत तो जिंकला. समोर दिल्लीचा एक बाउन्सर होता, एका फेरीनंतर स्टुलावर बसला तो उठलाच नाही. निवेदिकेने मुरलीपुढे माईक धरला. "इस ताकत का राज क्या है?"

मुरली धापा टाकत होता. "खडकी के लोगों ने खिलाया, मॅडम," तो म्हणाला. "सोमवार को तापकीर आप्पा के यहाँ, मंगल को सातव मावशी, बुध को गोडसेकाका..." साती घरं त्याने वारासकट सांगितली. ज्याचं नाव येईल तो हॉलमध्ये उठून हात उंचावत होता आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. "गुरुवार को मेरे दोस्त दिगू की आई," तो म्हणाला, तेव्हा मीसुद्धा उठलो. हात उंचावला.

आणि त्यानंतर अर्ध्या तासाने ते गळ्यात पडणं.

तर, चषक देऊन झाला, जाहिराती लागल्या. मांडववाल्याने सतरंज्या सोडल्या आणि हॉलमध्ये भसकन ऊन आलं. कुणी जागचं हलेना. सगळ्यांना कुणावर तरी राग काढायचा होता. चॅनेल मुंबईत, पंजाबी पंजाबात. हाताशी होता फक्त मुरली, तोही पडद्यावर होता आणि आता तिथूनही गेला होता.

"चार महिने दूध पाजलं," आप्पा म्हणाले. "दोन लिटर रोजचं. सापाला पाजलं असतं तर डसला तरी असता!"

"दहा अंडी रोज," चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि रडू जास्त होतं.

"आणि वर टीव्हीवर आपली नावं घेतली हो त्याने!" गोडसेकाका लाल झाले होते. "उद्या पोस्टात तोंड कसं दाखवू मी? ह्यांनी खिलाया म्हणे!"

"माझा सोमवार बंद," आप्पा जाहीर करून मोकळे झाले. "आजपासून. दारात आला तर कुत्रं सोडीन."

"मंगळवार बंद."

"बुधवार बंद. आमच्या हिने तसंही कुरकुर लावली होती."

लिलाव पुकारावा तसं चाललं होतं, एकेक वार पडत होता आणि प्रत्येकाला टाळ्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दिगू, गुरुवार?"

मी त्याचा दोस्त. टीव्हीवर त्याने एकट्या मलाच दोस्त म्हटलं होतं. हॉलभर माणसं माझ्याकडे बघत होती, त्यात शनिवारची ट्रायल, पुढची भरती, सगळं डोक्यात. मी उठलो.

"गुरुवारही बंद," मी म्हणालो.

सगळ्यात मोठ्या टाळ्या मला पडल्या.

चाचांनी शुक्रवार बंद करताना मान वर केली नाही. शनिवारही गेला. सुभेदार खुर्चीच्या दांड्याला धरून उठले. "रविवार चालू राहील," ते म्हणाले, बस्स. टाळी एकही नाही. दाराकडे जाताना माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता शिवी देणार. दिली असती तर बरं झालं असतं.

"शनिवारी ट्रायल आहे," ते म्हणाले. "वजन राख."

मुरली बुधवारी खडकीत परत आला म्हणे. मला कुणीतरी सांगितलं, डेअरीसमोरून जाताना आप्पांच्या माणसांनी त्याला हाक मारून रिकामी किटली दाखवली. टायरच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी खडूने '९१' लिहून खाली शेपूट काढलं होतं. तो ते पुसून कामाला बसला. मी त्या रस्त्याने गेलोच नाही. ट्रायलचा सराव होता ना!

गुरुवार आला. हॉलमधलं मी आईला काही बोललो नव्हतो. तिने सकाळपासून चवळी भिजवली होती, बारा वाजता भाकऱ्या थापल्या, कुकर चढवला. "हरला म्हणून काय झालं," ती म्हणाली. "जेवणार नाही का? उलट आज थोडं गोड करते." आणि गूळ आणायला मागच्या दाराने शेजारी गेली.

बरोबर एक वाजता चपला वाजल्या.

मी दार उघडलं आणि चौकटीत हात लावून उभा राहिलो. मुरली बाहेर. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं, अंगात तोच जुना शर्ट, पण आता पोटावर गुंडी न लागणारा. हातात आईचा लाडवांचा डबा, घासून लखलखीत केलेला.

"डबा आणलाय आईंचा," तो म्हणाला.

"दे," मी म्हणालो. डबा घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

तो थांबला. मग मी ते बोललो.

"आज घरात काही केलं नाही."

आतून कुकरने शिट्टी दिली, अशी खणखणीत, गल्लीच्या टोकाला ऐकू जावी अशी. उसळीच्या फोडणीचा वास दोघांच्या मधून बाहेर चालला होता. मी हात काढला नाही. तोही माझ्या हाताखालून आत बघायला गेला नाही.

"बरं," तो म्हणाला. दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "तुझं वजन किती भरतंय, दिगू?"

"चौऱ्याहत्तर सहाशे."

"झकास. शनिवारपर्यंत तेवढंच ठेव. पिंपरीचा तो पोरगा आहे ना, डावरा, तो दुसऱ्या फेरीत हात खाली सोडतो. तेव्हा मार."

मग तो जे बोलला ते अगदी सहज बोलला, उन्हाचं बोलावं तसं.

"क्लबात तू म्हणालास ना, वार लावू, तेव्हाच मला कळलं होतं रे, तुला पंच्याहत्तर रिकामं हवंय. मी काय इतका येडा नाही."

"मग हो कशाला म्हणालास?" मी जवळजवळ ओरडलोच.

"भूक लागली होती," मुरली म्हणाला, आणि गेला.

तर, मघाशी मी म्हटलं, "कुणीतरी म्हणालं." हवालदार होऊन नाक्यावर उभा राहशील, कुणीतरी म्हणालं. वार लावू की, कुणीतरी म्हणालं. कुणीतरी नाही. मी. दोन्ही वेळेला मीच. चौदा वर्षं मी ते "कुणीतरी" म्हणूनच सांगत आलोय, आणि खडकीत कुणाला आठवतही नाही. आप्पांना तर वाटतं कल्पना त्यांचीच होती. त्यांनी निदान मनापासून दूध पाजलं होतं. मला एक्क्याण्णव किलोचा हेवीवेट नको होता, मला पंच्याहत्तरमधून एक माणूस उठवायचा होता, आणि त्याला मारून उठवणं मला जमत नव्हतं. म्हणून खाऊ घालून उठवला.

आई गूळ घेऊन आली. कट्ट्यावरचा डबा तिला दिसला. "मुरली आला होता? कुठाय?"

"गेला."

"न जेवता?"

"मी सांगितलं, आज घरात काही केलं नाही म्हणून."

तिने डबा उघडला. डबा रिकामा परत करू नये म्हणून त्याने आत मूठभर साखर घातली होती. तिने झाकण लावलं, गॅस बंद केला, सहाच्या सहा भाकऱ्या फडक्यात बांधल्या, उसळीचं पातेलं घेतलं आणि तशीच अनवाणी टायरच्या दुकानाकडे गेली. अर्ध्या तासाने सगळं घेऊन परत आली. तो दुकान सोडून गेला होता. मागे मला कळलं, चाकणला कुठल्या गोदामात लागला. सुभेदार दर रविवारी बसने तिकडे जायचे, ते होते तोवर. मी एकदाही गेलो नाही.

शनिवारी ट्रायल मी जिंकलो. पिंपरीच्या पोराने दुसऱ्या फेरीत हात खाली सोडला, तेव्हा मारलं. मग राज्याचं सोनं, मग भरती, मग हे खांद्यावरचे तारे. खडकीने माझी मिरवणूक काढली. पुढे आप्पा होते.

पण ते नंतर. ट्रायलनंतरच्या गुरुवारी मी सरावाहून घरी आलो. वजनाची चिंता तूर्त संपली होती, भूक सणकून लागली होती. ओटा कोरडा होता. मुरलीचं ताट पालथं घातलेलं, तसंच.

"आई, वाढ ना."

"आज घरात काही केलं नाही," ती म्हणाली.

"का? बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय? तूच सांगितलंस ना त्याला, दारात उभा राहून? माझ्या घराच्या दारातून खोटं बाहेर गेलंय. ते मी खरं करतेय."

तेव्हापासून चौदा वर्षं गुरुवारी आमच्याकडे गॅस पेटत नाही. आई दिवसभर पाण्यावर असते. मी चौकीवर डबा मागवतो. शेजारीपाजारी म्हणतात, फौजदारांच्या आईची भक्ती मोठी.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात बायकोने विचारलं, "आईंचा गुरुवार दत्ताचा, की साईबाबांचा?" आई समोरच बसून तांदूळ निवडत होती. मला वाटलं, आता ती बोलेल. ती वर बघेना, नुसती निवडत राहिली.

"दत्ताचा," मी म्हणालो.